एक कार्ड कमी

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याची पाठ वळली की मी तराजूचं पारडं उचलून खाली काही चिकटवलंय का ते बघते. दूधवाला "बाई, आज जरा घट्ट आलंय बरं का" म्हणाला की मला त्याच क्षणी पाणी दिसायला लागतं. नवरा म्हणतो, देवळात हात जोडतानासुद्धा तुझा एक डोळा चपलांवर असतो. असतो. दोनदा गेल्यात माझ्या.

हा स्वभाव माहेरचा. आबांकडून आला. आबा मूळचे मंद्रूपचे, सोलापुरात एका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मी शाळेत असताना एका संध्याकाळी पाळी सुटली आणि गेटवरच्या झडतीत त्यांच्या जेवणाच्या डब्यात सुताची गुंडी सापडली. आबा म्हणाले, मी ठेवली नाही. कुणी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. पुढे ती गिरणीच बंद पडली आणि त्यांना काढणारेही घरी बसले, पण त्यानं आबांचं काही भागलं नाही. चाळीत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'गुंडीवाले' म्हणायचे, ते गिरणी बंद पडल्यावरही म्हणतच राहिले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे आबा साधं पाणीही फुंकून प्यायचे.

आई विड्या वळायची. त्या विड्यांवर मी बी.एस्सी. झाले, गणित घेऊन. आणि सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा मला दुसऱ्या एका गिरणीत नोकरी लागली. 'गिरणीत' म्हटल्यावर आबांनी भाकरीचा घास हातातच धरला. मी म्हटलं, मागावर नाही, ऑफिसात. ते म्हणाले, "हापिसालाबी तेच गेट अस्तंय की."

काम नवीन होतं. गिरणीला कामगारांचे पगार मशीनवर काढायचे होते. संगणक हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं. सगळे 'मशीन' म्हणायचे, आणि ते मशीन होतं पुण्यात, एका कारखान्यात. त्यांचं काम झालं की उरलेला वेळ ते बाहेरच्यांना भाड्याने देत. गिरणीने मला काही महिने पुण्याला शिकायला पाठवलं, आणि परत आल्यावर हिशेब खात्याच्या एका कोपऱ्यात टेबल, खुर्ची आणि कार्डांना भोकं पाडायचं एक हातयंत्र दिलं.

पगाराचं सगळं गणित मी भागाभागांत लिहिलं होतं. एक भाग हजेरी बघायचा, एक पाळीप्रमाणे दर लावायचा, एक कपाती करायचा. एक मुख्य भाग होता, तो बाकीच्यांना नावानं हाक मारायचा. प्रत्येक भाग म्हणजे जाड कागदाच्या कार्डांचा एक गठ्ठा. एका कार्डावर एक ओळ, भोकांनी लिहिलेली. असे सगळे गठ्ठे एका लांबट पत्र्याच्या पेटीत बसवायचे, आणि मिलचा एक माणूस ती पेटी गाडीनं पुण्याला नेऊन पोचवायचा. दोन-तीन दिवसांनी पेटी परत यायची, सोबत मशीनने छापलेले लांबच लांब कागद.

खरे पगार काढण्याआधी एक चाचणी करायची असते. तिच्यात पगार नाहीत, आकडे नाहीत, कामगार नाहीत. नुसते सगळे गठ्ठे एकामागून एक मशीनला द्यायचे आणि बघायचं, की प्रत्येक भाग त्याला विनातक्रार वाचता येतो का, आणि मुख्य भागाने हाक मारली की बाकीचे जागेवर सापडतात का. शाळेतल्या हजेरीसारखं. धडा नंतर, आधी सगळे आलेत का ते बघू. मशीन गप्प राहिलं तर पास. तक्रारीची एक ओळ जरी छापून आली, तरी नापास.

आम्ही नापास झालो.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. माझीच चूक असणार म्हणून मी छापील कागद घेऊन बसले. कपातीच्या भागात मधलीच एक ओळ नव्हती. पेटीत शोधलं, तर ते कार्डच नव्हतं. मी प्रत्येक कार्डावर कडेला क्रमांक पाडत असे, त्यामुळे कुठलं गेलं ते लगेच कळलं. पडलं असेल कुठेतरी. नवीन कार्ड पाडलं, जागेवर घातलं, पेटी पाठवली.

पुन्हा नापास. या वेळी हजेरीच्या भागातलं एक कार्ड कमी.

तिसऱ्यांदा मुख्य भागातलं गेलं, आणि मशीनने इतक्या तक्रारी छापल्या की कागद जमिनीवर लोळायला लागला. इथे मात्र माझा स्वभाव जागा झाला. एकदा पडतं. दोनदा पडतं. दर खेपेला एकच पडत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी एकेकाला धरून तपासायला लागले, अर्थात मनातल्या मनात. सगळ्यात आधी पुण्याचा मशीन चालवणारा. त्याला मी शिकताना पाहिलं होतं. बोटात सिगारेट धरून तो कार्डं फुंकायचा, त्यांची धूळ झाडायला. पण त्याला आमचं एक कार्ड घेऊन काय करायचं? मग पेटी नेणारा माणूस. तो शपथेवर म्हणाला, "बाई, मी पेटीची कडीसुदिक उगडत न्हाय. मांडीवर ठिवून जातो." त्याच्या मांडीवर मी विश्वास ठेवला, त्याच्यावर नाही.

आणि मग आमच्याच खात्यातले कारकून. त्यांच्यावर माझा पक्का संशय होता. मशीन चालू झालं की त्यांचं निम्मं काम जाणार होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ते माझ्याशी फार गोड बोलत. एक जण रोज शेंगाची चटणी आणून द्यायचा. पेटीचं नाव निघालं की दुसरा एक खाली बघून टाक पुसत बसायचा. खाई त्याला खवखवे, मी मनात म्हणायची. मी सगळा गठ्ठा दाबून धरून त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने एक तिरकी रेघ ओढून ठेवली, म्हणजे एक कार्ड जरी काढलं तरी रेघ तुटलेली दिसावी. जेवायला जाताना पेटी खणात ठेवून कुलूप लावत होते. परत आल्यावर आधी रेघ बघायची, मग पाणी प्यायची. रेघ कधी तुटलेली नसायची. मिलच्या माणसाच्या हाती पेटी देईपर्यंत रेघ सरळ, आणि पुण्यात पोचली की कार्ड कमी.

आमचे साहेब पुण्याचे. हळू बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, आता आपण पेटी सील करू. गेटवर लाखेचं सील. मग कुठं काय होतं ते कळेल."

मला बरं वाटलं. आता चोर सापडणार, म्हणजे मी सोडून दुसरा कुणीतरी.

पेटी गेली. पुण्याहून निरोप आला, की सील शाबूत होतं, त्यांनीच फोडलं, आणि आत एक कार्ड कमी होतं.

साहेबांनी तो निरोप मला वाचून दाखवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. सील शाबूत, म्हणजे वाटेत काही झालेलं नाही. पुण्यातही नाही. मग जे झालं ते सील होण्याआधी झालं. आणि सील होण्याआधी पेटी कुणाच्या टेबलावर असते? त्यांनी हे विचारलं नाही. मला स्वतःहून कळावं म्हणून ते थांबले.

त्याच सुमारास मला हिवताप झाला आणि मी आठवडाभर अंथरुणात होते. माझ्या जागी शेंगाच्या चटणीवाल्या कारकुनाने पेटी भरून दिली. आणि ती चाचणी पास झाली. मशीन एका शब्दानेही बोललं नाही. साहेबांनी खात्यात पेढे वाटले म्हणे. मी कामावर आले तेव्हा पेटी त्यांच्या कपाटात होती.

मग महागाई भत्त्याचा एक नवा भाग जोडायचा निघाला. मी तो लिहिला, कार्डं पाडली, बाकीचे गठ्ठे जसेच्या तसे होते, त्यांना हात लावला नाही, कारण ते पास झालेले होते. पेटी भरली, गेली. आणि नापास. एक कार्ड कमी.

मी नव्हते तेव्हा पास. मी आले, नापास. मी साहेबांच्या जागी असते तर मीही तेच समजले असते. मला गणित येतं.

"तुमचे वडील पूर्वी गिरणीत होते ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"कशामुळे सुटले?"

त्यांना माहीत होतं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न माणूस असा खाली बघून विचारत नाही. मी म्हटलं, "सुटले नाहीत. काढलं." ते म्हणाले, "पुढच्या वेळी पुन्हा असंच झालं, तर काम पुण्याच्या लोकांना देऊन टाकू. आणि तुमच्या बाबतीत वेगळा विचार करावा लागेल."

त्या संध्याकाळपासून माझी झडती सुरू झाली. गिरणीच्या मोठ्या दरवाजात बायकांसाठी एक छोटी दिंडी होती. तिथे झडतीवाली मावशी उभी असायची, ती एरवी ऑफिसातल्या आम्हा दोघी-तिघींना नुसतं बघून सोडायची. त्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. डबा उघडला, पिशवी उपडी केली, पुस्तकाची पानं झटकली, अंबाडा चाचपला. मागे पाळी सुटलेल्या बायकांची रांग. तेलुगूत काहीतरी कुजबूज झाली, ती मला कळली नाही. मग मराठीत झाली, ती कळली. "बापाच्या वळनावर गेली." मी केस सारखे केले आणि बाहेर पडले. डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते या बायकांना दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून स्टेशन रस्त्यापर्यंत मी वर आभाळाकडे बघत चालले आणि एका सायकलवर आदळले.

घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण चाळीत बातमी माझ्याआधी पोचलेली होती.

"राजीनामा दे," आबा म्हणाले.

"मंग तर मीच घेतली असं हुईल की."

"ते तसंबी म्हनत्यात." आबा दारात बसले होते, माझ्याकडे बघत नव्हते. "तू काडायच्या आदी नीघ. काडलं म्हंजी लई वंगाळ. मला ठावं हाय."

आई म्हणाली, "तिनं घेतली न्हाय तर तिनं का जावं?"

"मी घेतली व्हती व्हय?" आबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. मग ते उठून बाहेर गेले. आई विड्यांचं सूप पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली. आमच्या घरात ही गोष्ट कधी बोलली जात नसे, आणि त्या दिवशीही एवढंच बोलून झालं.

मला राग आला होता. भीतीपेक्षा जास्त राग. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, "पेटीवर आणखी पहारा ठेवा. माझ्या टेबलापासून गाडीत चढेपर्यंत. जिथं जिथं ती थांबते तिथं तिथं सांगून ठेवा, की या पेटीवर खास लक्ष द्या." ते म्हणाले, ठीक आहे, सगळीकडे कळवतो. मला वाटलं, हे चांगलं झालं.

त्या खेपेला दोन कार्डं कमी झाली.

पुण्याचा निरोप अजून फक्त माझ्याकडे होता, फोन मीच घेतला होता. साहेब मुंबईला गेले होते, सोमवारी येणार होते. म्हणजे त्याआधी मला फार तर एक खेप मिळणार होती. पेटी परत येताच मी दोन कार्डं नवीन पाडली, पेटी भरली, रेघ बघितली, माणसाच्या हाती दिली. मग आबांना बरं नाही असं सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, दिंडीतून झडती देऊन बाहेर पडले, आणि गिरणीला वळसा घालून मालाच्या दाराकडे गेले.

मालाच्या दाराने मी आजवर कधी गेलेच नव्हते. आम्ही ऑफिसातल्या बायका दिंडीतून, साहेब लोक मोटारीने पुढच्या फाटकातून. गाठोडी, चादरी, सूत, चिंध्या आणि माझी पेटी जायची ती या मागच्या दाराने. पलीकडे चहाची टपरी होती, तिच्या बाजूच्या लिंबाखाली मी छत्री उघडून टांग्याची वाट बघितल्यासारखी उभी राहिले. सोलापूरचं ऊन डोक्यावर, आणि टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघताहेत. बघेनात का. मी पेटीकडे बघत होते.

पेटी घेऊन मिलचा माणूस दाराशी आला. तिथे एक जमादार स्टुलावर बसलेला, खाकी कपडे, मिशा पांढऱ्या. माणसाने पेटी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि तो बिडी ओढायला पलीकडे गेला. जमादाराने पेटी उघडली. हात आत घातला, वरची कार्डं बाजूला सारली, मधून एक ओढून काढलं. सूर्याकडे धरून भोकांतून बघितलं. मग आणखी एक काढलं. दोन्ही बाजूला ठेवली, पेटी बंद केली, मेणबत्तीवर लाख धरली आणि वर गिरणीचा शिक्का मारला.

रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि ओरडले, "हे काय करताय?"

तो दचकला नाही. "वानगी काडतोय, बाई."

"कसली वानगी?"

"मालाची. भायेर जानाऱ्या परतेक मालाची वानगी ठेवायची, त्याला गेटपास टाचायचा. मिलचा नियम हाय की. माल गेल्यावर कुनी म्हनलं, हा न्हवं, दुसराच माल गेला, तर मालकाला दावायला."

त्याने मागच्या खोलीकडे बोट केलं. भिंतीवर एक तार बांधलेली होती आणि तिला सगळं ओवलेलं होतं. चादरीच्या काठाचा तुकडा. सुताचा पिळा. टॉवेलची दशी. चिंध्यांचा एक बोळा. आणि त्यांच्यामध्ये, प्रत्येकाला गेटपास टाचलेली, माझी कार्डं.

"पण हा माल नाही!" मी म्हटलं.

"मंग काय हाय?"

मी गणिताची पदवीधर, पुण्याला शिकून आलेली, भर उन्हात तोंड उघडं ठेवून उभी. शेवटी मी म्हटलं, "मधलीच का काढता? वरचं तरी घ्यायचं."

जमादाराने माझी कीव केल्यासारखं बघितलं. तो मोडनिंबचा होता, हे नंतर कळलं. घरची माणसं धान्याच्या अडतीतली. "वरचं कोन घेतंय, बाई? वर चांगलाच माल लावलेला अस्तो. वानगी मदनंच घ्यायची. ज्वारीच्या पोत्यात हात कुटंवर घालत्यात, बगितलं न्हाय व्हय?"

"आणि आज दोन?"

"सायबांनीच सांगून धाडलं की. ह्या पेटीवर खास ध्यान द्या म्हनून. गेल्या खेपेपासनं दोन काडतोय."

मी हसले की रडले, मला ठाऊक नाही. दोन्ही थोडं थोडं झालं असावं, कारण त्याने मला स्टूल दिलं आणि टपरीवरून चहा मागवला.

तारेवरची कार्डं मी एकेक करून बघितली. कपातीचं, हजेरीचं, मुख्य भागाचं. सगळी होती. आणि माझ्या तापाच्या आठवड्यातलं कार्डही होतं. ते बघून माझ्या जिवात जीव आला. कार्डांमध्ये काही कार्डं नुसत्या टिपेची असतात. पुढे कोणता भाग येतो ते माणसाला कळावं म्हणून लिहिलेली. मशीन त्यांच्याकडे बघतही नाही. त्या आठवड्यात जमादाराच्या हाताला नेमकं टिपेचं कार्ड लागलं होतं. म्हणून मशीन गप्प राहिलं. चटणीवाल्याची पुण्याई नव्हती आणि माझं पापही नव्हतं.

सोमवारी मी जमादाराकडून ती तार, तिच्यावरच्या चिंध्या आणि दशांसकट, मागून घेतली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी तारेवरचा सुताचा पिळा बोटांनी उलटापालटा केला. कानापासून मानेपर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "या जमादाराला काढून टाकतो."

"कशासाठी?" मी म्हटलं. "नियम मिलचा. लक्ष ठेवायला तुम्ही सांगितलं, आणि तुम्हाला मी सांगितलं. त्यानं तर आपल्या सगळ्यांचं ऐकलं."

जमादार राहिला. पेटीची वानगी काढू नये असं मालाच्या दाराला कळवण्यात आलं. पेटी मी त्या दिवशी दारावरूनच परत आणली होती; तिच्यात सगळी कार्डं जागच्या जागी लावली, नवी तिरकी रेघ ओढली, आणि पेटी गेली. बुधवारी पुण्याहून कागद आले. एकामागून एक सगळ्या भागांची नावं छापलेली, आणि त्यांच्याखाली तक्रार नाही. एकही नाही. मी तो कागद तीनदा वाचला, कारण माझा माझ्या डोळ्यांवरही विश्वास नसतो.

साहेब म्हणाले, "छान. चला, आता खऱ्या पगाराचं बघू." एवढंच. त्या संध्याकाळी दिंडीत झडतीवाली मावशी दुसरीकडे बघत राहिली आणि मला हाताने 'जा' म्हणाली. माझा डबा कुणी उघडला नाही. नोकरी राहिली होती.

मी जवळजवळ धावत घरी गेले. आबांना सगळं सांगितलं, जमादार, ज्वारीचं पोतं, तार, दोन कार्डं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "म्हंजी कुंपनानंच शेत खाल्लं." आणि मग विचारलं, "मंग सायब काय म्हनला?"

"छान म्हनले."

"ते न्हवं. तू घेतली न्हाय, आसं म्हनला का?"

"न्हाय."

"कुनाम्होरं म्हनला न्हाय?"

"न्हाय आबा. पन सगळ्यांना कळलंच की आता."

"कसं कळलं?" आबा म्हणाले. "कुनी सांगितल्याबिगर कसं कळंल? झडती मांडून घेतली, सोडताना गुपचूप सोडली. लोक म्हनतील, पोरगीनं कायतरी करून मिटवलं." ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "तुज्यापाशी तार तरी हाय. दावायला."

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. सकाळी गेले ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये, पेटी हातात घेऊन. पेटी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "माझी झडती सगळ्या बायकांसमोर झाली. मी काही घेतलं नाही हेही सगळ्यांसमोर सांगा."

"अहो बाई, सगळ्यांना माहीत आहे आता."

"कुणी सांगितलं त्यांना?"

त्यांनी चष्मा काढला. "याची काय गरज आहे?"

"मला आहे. तुम्ही सांगेपर्यंत पेटी इथंच राहील. पुण्याला जाणार नाही. मला काढलंत तरी चालेल." चालणार अजिबात नव्हतं. घर माझ्या पगारावर होतं. पण ते मी बोलले आणि मग मला माघार घेता येईना.

ते कागदांत डोकं घालून बसले, मी पेटीशेजारी उभी राहिले. दुपारी पाळी सुटायचा भोंगा झाला तेव्हा ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

दिंडीच्या बाहेर ऊन असं होतं की डोळे मिटत. बायका रांगेने बाहेर पडत होत्या, पुरुष दुसऱ्या बाजूने. साहेबांना पायी तिथं आलेलं बघून सगळे थबकले. ते कुणाकडेही न बघता बोलले, त्यांच्या त्याच हळू आवाजात, आणि मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून एका बाईने "जोरात सांगा की" म्हटलं, तेव्हा पुन्हा जोरात बोलले. मग वळून आत गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि पुढे कित्येक महिने कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत. नाही तर नाही.

घरी आले तर आबा दारातच उभे होते.

"म्हनला?"

"म्हनले."

"काय म्हनला? त्याचं शब्द सांग. तुजं नगं."

मी सांगितले. "'कार्डं गेटवर काढली जात होती. या बाईंनी काही घेतलेलं नाही. यांच्यावरचा संशय चुकीचा होता.'"

"सगळ्यांम्होरं?"

"सगळ्यांम्होरं."

"झडतीवाली व्हती?"

"व्हती की. हितंच, तुमच्याएवढी जवळ."

आबा खाली बसले, भिंतीला टेकले. आईने विड्यांचं सूप बाजूला सारलं.

"आनी येकदा सांग," आबा म्हणाले. "हळू सांग."

मी पुन्हा सांगितलं.